फोटो कोणी काढला, हे आधी विचारा

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी नववीच्या मुलांना बर्गेन-बेल्सनची फिल्म दाखवली होती. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य नाझींच्या त्या छळछावणीत पोचलं, तेव्हा त्यांच्याच कॅमेरामननी घेतलेली ती दृश्यं. बुलडोझर मृतदेह खड्ड्यात लोटतोय. तास संपला, वर्गात कोणी अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, मुलांपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई भेटायला आली. मुलीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. आई भांडायला आली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तिला त्यातून काय कळलं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या ढिगातल्या एकाही माणसाचं नाव मी सांगितलं नव्हतं. ती माणसं कुठून आणली, कोणत्या कागदावर, कुणाच्या सहीने, यातलं काहीही नाही. मेल्यानंतर त्यांची जी दशा झाली होती, तेवढीच मी मुलांना दाखवली.

मी बर्लिनच्या एका शाळेत इतिहास शिकवते. इथे शिक्षकाच्या प्रशिक्षणात १९७६ सालचा बॉइटल्सबाखचा करार शिकवतात. स्टुटगार्टजवळच्या त्या गावी ठरलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली अशी की विद्यार्थ्याला दडपून त्याच्याकडून मत वदवून घ्यायचं नाही. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण तो नियम राजकीय मतांसाठी आहे, अशी माझी समजूत होती. फोटोनेही मुलाला दडपता येतं, हे मला त्या आईने शिकवलं.

वॉर्सा घेट्टोमधला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, हात वर केलेला लहान मुलगा बहुतेकांनी पाहिलेला असतो. टोपी, कोट, उघडे गुडघे. मी आता तो फोटो आधी नुसता देते. मुलं हळहळतात. मग त्याच्याखालची मूळ ओळ देते. वळणदार अक्षरात लिहिलंय, 'बळाने बंकरमधून बाहेर काढलेले'. मग अहवालाचं पहिलं पान देते, 'वॉर्सात आता ज्यूंची वस्ती उरलेली नाही!' शेवटी उद्गारचिन्ह आहे. १९४३ मध्ये घेट्टोतला उठाव चिरडल्यावर एसएस या नाझी दलाचा अधिकारी युर्गन श्ट्रोप याने एसएसचा प्रमुख हिमलर याच्यासाठी हा अहवाल बांधून घेतला, त्यातला हा फोटो. म्हणजे हे फोटो कौतुकाने चिकटवलेले आहेत. वर्गातला सूर इथे बदलतो. इतका वेळ मुलं त्या मुलाकडे पाहत असतात, आता कॅमेरा धरणाऱ्याकडे पाहायला लागतात. आपण कुणाच्या डोळ्यांनी पाहत होतो, हे लक्षात आल्यावर एका मुलाने फोटो पालथा घातला होता.

त्या लहानग्याचं नाव आजही खात्रीने सांगता येत नाही. त्याच्या मागे बंदूक घेऊन उभा असलेल्याचं नाव मात्र पक्कं माहीत आहे. योसेफ ब्ल्योशे. १९६९ मध्ये पूर्व जर्मनीत त्याला मृत्युदंड झाला.

१९४४ च्या उन्हाळ्यातले आउश्वित्स या मृत्युछावणीचे दोन अल्बम मी नेहमी शेजारी शेजारी ठेवते. पहिल्यात हंगेरीहून आलेल्या ज्यूंची गाडी रिकामी होते आहे. एसएसनेच काढलेले फोटो. सुटकेनंतर डोरा छावणीत लिली याकोब या तरुणीला तो अल्बम सापडला, आणि पानं उलटताना त्यात तिला आपले रब्बी दिसले, आपले दोन धाकटे भाऊ दिसले. दुसरा अल्बम कार्ल ह्योकर या अधिकाऱ्याचा. तो २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे आला. त्यात छावणीपासून तीसेक किलोमीटरवरच्या विश्रामगृहात एसएसच्या कर्मचारी मुली ओळीने बसून ब्लूबेरी खाताहेत. शेजारी अकॉर्डियन वाजतंय. रक्ताचा थेंब कुठे नाही, आणि तरी या फोटोवर वर्ग जितका वेळ बोलतो तितका दुसऱ्या कशावरच बोलत नाही.

फोटोखालच्या ओळीवरही आंधळा विश्वास ठेवू नये, हेही मी शिकवते. १९९५ पासून जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवरचं एक मोठं प्रदर्शन गावोगाव फिरत होतं. त्यातल्या फोटोंतले काही मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्यांचे आहेत, असं इतिहासकारांनी दाखवून दिलं. १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घेतलं गेलं. तपासाअंती कळलं की १४०० हून अधिक फोटोंपैकी विसाच्या आत फोटो तिथे असायला नको होते, मुख्य मुद्दा खराच होता. पण तेवढ्या थोड्या चुकांनी 'सगळंच खोटं' म्हणणाऱ्यांचं आयतं फावलं. म्हणून मला राग येतो तो आपल्या मराठी ग्रुपांवर कुठलाही फोटो कुठल्याही ओळीखाली फिरतो त्याचा. 'हिटलरची शिस्त' म्हणून कौतुकाने मेसेज टाकणारे माझेही नातेवाईक आहेत.

ती शिस्त पाहायचीच असेल तर युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी ज्यात झाली त्या बर्लिनमधल्या वानझे परिषदेचं इतिवृत्त पाहावं. २० जानेवारी १९४२, तळ्याकाठचा बंगला, पंधरा माणसं, निम्म्याहून अधिक डॉक्टरेट झालेली. निमंत्रणातच लिहिलं होतं, नंतर नाश्ता आहे. इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या, हाती लागली ती एकच, सोळावी. त्यात देशवार ज्यूंची संख्या मांडली आहे आणि बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर जाते. अल्बानिया २००. आयर्लंड ४०००. इस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' एवढाच शब्द. आयर्लंडवर तर जर्मनीचा ताबा कधीच नव्हता, मग तो यादीत का, असं मुलं विचारतात. उत्तर मी देत नाही, ती पुन्हा तक्ता वाचतात आणि त्यांचं त्यांनाच कळतं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मालमत्तेचा फॉर्म. बर्लिनच्या ज्यूंना गाडीत चढवण्याआधी सोळा पानी फॉर्म भरून द्यावा लागे. खुर्च्या किती, पलंग किती, चादरी, शर्ट, सगळं. नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने हद्दीबाहेर नेलेल्याची मालमत्ता आपोआप सरकारजमा होत होती. हे फॉर्म पॉट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. काही फायलींत पुढे घरमालकांची थकलेल्या भाड्याची, वीज-गॅसच्या राहिलेल्या बिलाची मागणीपत्रंही लावलेली आहेत. माणूस मारला गेला आणि बिलाचा पाठपुरावा चालूच राहिला.

माझे आप्पा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. मागच्या सुट्टीत त्यांना यातल्या एका बाईंच्या फायलीची प्रत दाखवली आणि एकेक रकाना मराठीत सांगितला. चष्मा पुसून ते कितीतरी वेळ पाहत होते. म्हणाले, "अगं, हा तर जप्तीचा पंचनामा. ज्याची जप्ती त्याच्याच हाताने लिहून घेतलाय." मग त्यांनी विचारलं, "जावक क्रमांक आहे का?" होता. कोपऱ्यात शिक्का होता, तारीख होती, आणि दोन-तीन जणांची आद्याक्षरं. आप्पांनी त्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं. "ही बघ माणसं. एकाने आवक केली, एकाने तपासलं, एकाने पुढे पाठवलं. घरी जाऊन जेवलीही असतील." उन्हं उतरेपर्यंत ती फाईल त्यांच्या मांडीवरच होती.

इतकी वर्षं मी मुलांना फॉर्ममधल्या खुर्च्या आणि चादरी दाखवत होते, कोपऱ्याकडे माझंच लक्ष गेलं नव्हतं. बर्लिनला परतल्यावर दहावीच्या वर्गात तीच फाईल दिली आणि सांगितलं, यात किती वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत ते शोधा. भिंगं वाटली. मागच्या बाकावरच्या दोघी सहावर थांबल्या. खिडकीजवळचा मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो नवापर्यंत गेला. मग हात वर करून म्हणाला, "यातलं पहिलं मी धरू की नको? ते त्या बाईंचं स्वतःचं आहे."