जेली बॉलबद्दल खुलासा : माझी जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका

चिडचिड्या मुलांना शांत करायला पाण्यात फुगणारे रंगीत जेली बॉल द्या, असं मी पूर्वी लिहिलं होतं. तीच पोस्ट आता पालकांच्या ग्रुपांवर फिरते आहे. वर कुणीतरी वाक्य जोडलंय : "साबुदाण्यासारखेच असतात, गिळले तरी शौचावाटे पडून जातात." हे वाक्य माझं नाही, पण मूळ सल्लाही चुकलाच होता.

हे मणी साबुदाण्याचे नसतात. पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे असतात, कुंड्यांत ओल टिकवायलाही वापरतात. कोरडा मणी मोहरीएवढा, पण पोटात गेल्यावरही फुगत राहतो आणि आतडं अडवू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसतही नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2023 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात मृत्यूचाही उल्लेख आहे. पाकिटावर 'बिनविषारी' लिहिलेलं असतं, त्यावरच मी विसंबले. मुख्य धोका विषाचा नाही, फुगण्याचा आहे.

मुलाने मणी गिळल्याची किंवा नाका-कानात घातल्याची शंका आली, तर उलटीची वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा, पाकीट सोबत न्या.

हाताला चाळा हवा असेल तर कणकेचा गोळा द्या. भिरभिरं हळू फुंकून फिरवायला सांगा, श्वास आपोआप लांबतो. आमच्याकडे आपडी-थापडीही चालते, मात्र झोपायच्या वेळी नको, खिदळणंच जास्त होतं!

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्या ग्रुपवर दिसली तर तिथे हा खुलासा टाका.