जनता तर्रीत

माझ्या घडीचा, म्हणजे मनगटी घड्याळाचा, पट्टा तुटला तो तर्रीपोह्याच्या ठेल्यावर, सकाळी पावणेनऊच्या सुमारास. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो चण्यांचा तिखट रस्सा. नक्की वेळ सांगता येत नाही, कारण घडी तर्रीत होती.

तसा तो पट्टा अचानक गेला असं म्हणता येणार नाही. आधी त्याची कडी गेली. पट्ट्याचं शेपूट खोचतात ना, ती. तिच्या जागी मी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावलं आणि सहा महिने काढले. मग मे आला. नागपूरचा मे ज्यांनी अंगावर घेतला नाही त्यांना कातड्याच्या पट्ट्याचे हाल कळायचे नाहीत. पारा 45 च्या वर गेला की घाम वाहायच्या आधीच वाळतो, पट्ट्यावर मिठाची पांढरी नक्षी उमटते, कातडं पापडासारखं कडक होतं आणि मग वास सुटतो. बायकोने घडी देवघराजवळ ठेवायला बंदी केली होती.

त्या दिवशी मी हात लांब करून पोहेवाल्याला एवढंच सांगत होतो, "भाऊ, वरचं तेल नको, खालची द्या." नेमका तोच डावा हात. टप्प. तर्रीच्या गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, चण्यांमध्ये घडी अदृश्य झाली. पोहेवाल्याने शांतपणे डावाने ढवळून ती वर काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "चालून राहिली ना जी?" मी कानाला लावली. टिकटिक व्यवस्थित होती. कान मात्र दुपारपर्यंत हुळहुळत होता. माझ्या मागच्या माणसाने तेवढ्यात प्लेट पुढे करून सांगितलं, "मला बिनघडीची द्या."

घडी कोणती, हे सांगायला हवं. एचएमटी जनता. हाताने चावी द्यायची, सतरा खड्यांची, तबकडीवर देवनागरीत 'जनता' लिहिलेली. 1979 साली माझ्या आईच्या वडिलांनी लग्नात जावयाला, म्हणजे बाबांना दिली. बाबा निवृत्त झाले तेव्हा ती माझ्याकडे आली. बाबांनी ती दिली असं मी म्हणतो. ती मी टेबलावरून उचलली असं बाबा म्हणतात. कंपनीचं घड्याळाचं दुकान सरकारने 2016 मध्ये बंद करायचं ठरवलं, पण घडीला कोणी कळवलेलं नसावं. ती चालूच आहे.

पट्टा बदलायचा म्हणजे पहिला प्रश्न मापाचा. घडीला वर-खाली जे दोन-दोन पाय असतात, त्यांच्यामधलं अंतर हे पट्ट्याचं माप. पट्टे बहुधा 16, 18, 20, 22 मिलिमीटर असे सम आकड्यांत मिळतात. मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, एकोणीस आलं. मुलीने बघितलं तर मी शून्यापासून न मोजता पट्टीच्या झिजलेल्या टोकापासून मोजलं होतं. तिच्या मते अठरा. बायकोने शिवणाची टेप लावून पावणेदोन सेंटीमीटर काढलं. घरात तीन शिक्षित माणसं आणि दीड मिलिमीटरचा वाद. कूलरसमोरच्या दिवाणावरून बाबा म्हणाले, "अरे, दुकानात घडीच घेऊन जा ना. मी बारा रुपयांत बदलून आणला होता पट्टा. येताना शेंगदाणेही आणले होते त्यातच."

ऑफिसात तर विचारूच नये. आमच्याकडे एक आहे, पंख्यापासून पंचनाम्यापर्यंत सगळ्यावर व्हिडिओ पाहून आलेला. तो म्हणाला, "लेदर कायले घेऊन राहिला बे? नेटो घे." नेटो म्हणजे, त्या लष्करी गटाचंच नाव लावलेला, नायलॉनचा एकच अखंड पट्टा, दोन्ही पिनांच्या खालून जाणारा. एक पिन तुटली तरी घडी दुसरीवर लोंबकळत राहते, पडत नाही. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 मध्ये तो सैनिकांसाठी ठरवून दिला. तर्रीच्या दृष्टीने विचार केला तर हे फार मोलाचं. मी जवळजवळ तयार झालो होतो. पण घरी सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. बाबा माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे.

"ही घडी कुठली?"

"बेंगळुरूची. जपानच्या सिटिझनसोबत काढलेला कारखाना."

"साल?"

"1961."

"त्याच साली बेलग्रेडला काय झालं?"

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तरी बाबांनी साल विचारलं की माझे हात आपोआप मागे जातात. शेवटी त्यांनीच सांगितलं, "अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद. आणि तू या घडीला नेटोत घालून राहिला." वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. परराष्ट्र धोरण ठरलं होतं.

म्हणून बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. संध्याकाळी मेन रोडवर फुटपाथच्या एका ठेल्यावर पट्टे वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे लटकत होते. मी त्यातला एक उचलला, तपकिरी, मगरीच्या पाठीसारखे चौकोन असलेला.

"असली मगर है क्या?"

"अंकल," तो पोट्टा अतिशय दयेने म्हणाला, "डेढ सौ में मगर आएगा?"

मला त्याचा प्रामाणिकपणा इतका आवडला की मी तोच घेतला. पट्टा होता वीसचा. अठराचा नव्हता. "बैठ जाएगा," म्हणत त्याने अर्ध्या ब्लेडने पट्ट्याचे दोन्ही कोपरे कापले आणि अंगठ्याने रेटून बसवला. रेल्वेत मधल्या बर्थवर जाडा माणूस चढवतात तसा तो चढला आणि तसाच दोन्हीकडून बाहेर ओसंडत राहिला. चौथ्या दिवशी कापलेल्या कोपऱ्यातून काहीतरी डोकावू लागलं. ओढलं तर पुठ्ठा. वहीच्या पाठीमागे असतो तसा. मगरीच्या पोटात पुठ्ठा होता आणि तो घाम पिऊन फुगला होता.

मग ऑनलाइन मागवला. खरं कातडं, अठरा मिलिमीटर, साडेसातशे रुपये. सोबत दोन जादा पिना आणि एक हत्यार फुकट. हत्याराच्या एका टोकाला बारीक चिमटीसारखी खाच, दुसरं टोक सुईसारखं. व्हिडिओत एक गोरा मनुष्य स्वच्छ टेबलावर हेच काम दोन मिनिटांत करतो. त्याच्या टेबलाशेजारी कूलर नसतो.

ही पिन काय चीज आहे हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. उदबत्तीच्या काडीएवढी नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना आत-बाहेर होणारे टोचे. एक टोचा घडीच्या पायातल्या भोकात घालायचा, दुसरा हत्याराने दाबून धरायचा आणि पट्टा सरकवत सरकवत समोरच्या भोकापर्यंत न्यायचा. भोक आलं की टक् आवाज होऊन ती बसते. भोक यायच्या आधी खाच निसटली तर टण् आवाज होऊन ती जाते. कुठे जाते ते स्प्रिंगलाही ठाऊक नसतं.

माझी टण् वाली होती.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"कूलरकडे," मुलगी म्हणाली.

"कूलर बंद होणार नाही," दिवाण म्हणाला.

पुढचा पाऊण तास चौघांपैकी तीन माणसं फरशीवर होती. मोबाईलचे दिवे लावून आम्ही दिवाणाखालचा प्रदेश पिंजून काढला. चिंचोके दोन, पेनाचं टोपण, औषधाची एक गोळी (बाबांनी घेतली असं शपथेवर सांगितलेली), आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेली कानातल्याची फिरकी. फिरकी मिळाल्यावर बायकोचा शोधमोहिमेतला रस तिथेच संपला. मी फ्रिजवरचा संत्र्याच्या आकाराचा लोहचुंबक काढून अर्धा तास फरशीवर फिरवला. सगळी फरशी फिरवून झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, पिन स्टेनलेस स्टीलची असेल तर चिकटेल का पण?" विज्ञान शिकवावं, पण वेळेवर बोलायलाही शिकवावं.

"टाकी रिकामी करून पाहू," मी सुचवलं.

"पंचेचाळीस डिग्रीत?" बायको म्हणाली. "तुम्ही काय करून राहिले? दोन पिना जादा आल्या आहेत ना? मग?"

जादा पिन लावली. बसली. पट्टा लागला! मी घडी घालून घरभर हिंडलो. दुसऱ्या दिवशी मेट्रोत वरची कडी धरून उभा असताना लक्षात आलं की बक्कल भलत्याच बाजूला आहे. आखूड बक्कलवाला तुकडा बाराच्या बाजूला लागतो आणि लांब भोकांवाला सहाच्या. मी नेमका उलटा लावला होता. शिवाय पाचव्या भोकात घट्ट, सहाव्यात ढिला. पाचव्यात हाताला मुंग्या, सहाव्यात घडी मनगटाच्या पोटाशी जाऊन लपायची. संध्याकाळी सुलटा करायला बसलो. दुसरी जादा पिन. टण्. या वेळी कोणी उठलंसुद्धा नाही.

रविवारी सुभाषनगरहून मेट्रो पकडली आणि चितार ओळीला उतरलो. तिथून मूर्तिकारांच्या गल्लीकडून महालातल्या बडकस चौकाच्या दिशेने चालत गेलं की एका जिन्याखाली एक घडीसाज बसतो. दुकान म्हणजे जिन्याच्या सात पायऱ्यांखालची जागा. काका सत्तरीच्या पुढचे. डोळ्याला भिंग आणि समोर होमिओपॅथीच्या बाटल्या, प्रत्येकीत वेगवेगळ्या लांबीच्या पिना. घडी हातात घेऊन त्यांनी आधी ती हुंगली.

"तर्री?"

"हौ."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मग पट्टा पाहिला. "उलटा लावला आहे. कोणी लावला जी?"

"पोरीनं," मी म्हणालो.

"किती वर्षांची?"

"बारा."

"मग बरा लावला."

त्यांनी तर्रीत गेलेला जुना पट्टाही मागितला. मी तो आणलाच होता. अशा कामाला निघताना पुरावे सोबत ठेवावेत. त्यात अडकलेली जुनी पिन काढून त्यांनी काचेवर लोळवली. पिन सरळ न लोळता डुगडुगत गेली. "पट्टा नाही तुटला तुमचा. पिन वाकली होती. वाकली की कातडं एकाच बाजूनं घासते. रबर लावायच्या आधी आले असते तर वाचला असता." रबराचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. कातड्यावर त्याचा वळ होता.

मग काम. त्यांनी घडी एका साध्या पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीत घातली, दोन्ही हात आत घातले आणि पिशवीतच पिन बसवली. "हात थरथरून राहिले आता," ते म्हणाले. "उडाली तरी पिशवीतच उडते. घरी कराल तर असंच करा. आणि वरून एक बोट ठेवून द्यायचं, असं." टक्. टक्. मिनिटही गेलं नसेल. मी घरी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि कूलरच्या टाकीवरून संसारात तणाव आणला होता. उपाय भाजीवाल्याच्या पिशवीत होता.

भोकाचं सांगितलं तर त्यांनी पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळला, पाचव्या आणि सहाव्याच्या बरोबर मध्ये नखाने खूण केली आणि पंचने भोक पाडलं. कातड्याची बारीक टिकली उडून त्यांच्या चहाच्या ग्लासात पडली. ती त्यांनी बोटाने काढली आणि चहा पीत राहिले. मला त्या क्षणी ते फार जवळचे वाटले.

"किती झाले?"

"पिना दोन, वीस रुपये. भोकाचे काय घ्यायचे?"

जाताना त्यांनी घडीला चावी दिली, कानाला लावली आणि पुन्हा एकदा हुंगली. "मशीन उघडून साफ करून घ्या कधी. आत जिरं असेल."

घरी आलो तेव्हा बाबा दिवाणावर होते. "दाखव," म्हणाले. मी काढून दिली. त्यांनी आधी पट्टा उलटून पाहिला, शिवण पाहिली, बक्कल दोनदा उघडझाप केलं. मग घडी कानाशी धरून डोळे मिटले. मग काही न बोलता ती डाव्या मनगटावर चढवली, टीव्हीवरच्या बातम्यांशी काटे जुळवले आणि हात पोटावर ठेवून झोपले.

मी रात्रीपर्यंत थांबलो. जेवतानाही घडी त्यांच्याच हातात होती. सोमवारी सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी ती काढून खिडकीत ठेवली आणि मी तिकडे पाहिलं, तर आतून आवाज आला, "हात नको लावू. चावी मी दिली आहे."

मी मोबाईलवर वेळ बघून ऑफिसला गेलो.

बुधवारी संध्याकाळी चपला काढत होतो, तेव्हा बाबांनी हाक मारली. मनगट वर करून हलवत होते. घडी कोपरापर्यंत जाऊन परत येत होती.

"चांगला आणला पट्टा," ते म्हणाले. "पण शेवटच्या भोकातही ढिला होऊन राहिला. रविवारी महालात गेलास तर एक भोक पाडून आण. आणि येताना शेंगदाणे."