खातं बंद, कारण विचारू नका

पत्र साध्या टपालानं आलं. रजिस्टर करायचीसुद्धा तसदी नाही. वर बँकेचं लेटरहेड, खाली 'संगणकीय पत्र असल्याने सहीची आवश्यकता नाही', आणि मधे दोन ओळी: अंतर्गत आढाव्यानुसार आपले चालू खाते ३० दिवसांत बंद करण्यात येत आहे, तत्पूर्वी शिल्लक रक्कम वळती करून घ्यावी. संपलं. अकरा वर्षांचं खातं होतं. एक चेक कधी परत गेला नाही, बँकेचं एक रुपया कर्ज नाही, मिनिमम बॅलन्सचा दंड एकदाही बसू दिला नाही. गुन्हा एवढाच की माझी बिअर शॉपी आहे.

आता इथंच निम्मे लोक नाक मुरडणार, माहीत आहे मला. मुरडा. बावीस वर्षांत सवय झालीये. माझ्या लग्नात सासऱ्यांनी स्वतः सुचवलं होतं की पाहुण्यांना दाखवायच्या बायोडाट्यात 'व्यवसाय : कोल्ड्रिंक्स व जनरल' असं छापा. छापलं. पण सासरे माझ्याशी सोयरीक करत होते, त्यांना चार लोकांत मान खाली जायला नको होती, ते मी समजू शकतो. बँकेशी काय माझी सोयरीक जमवायची आहे? माझे पैसे ठेवायचे आणि मी सांगेन तिथं पोचवायचे, एवढंच काम.

दुकानात या, भिंतीवर काय काय टांगलंय ते बघा. सगळ्यात वर एफएल/बीआर-२ चा परवाना, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, आणि तोही कुठल्या कायद्याखाली? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. म्हणजे दारूबंदीच्याच कायद्यानं मला बिअर विकायला बसवलंय. त्याखाली शॉप ॲक्ट, व्हॅटचं प्रमाणपत्र, एफएसएसएआय, व्यवसाय कर. २१ वर्षांखालच्याला बिअर मिळणार नाही अशी पाटी. ड्राय डेची यादी. होलसेलरकडून एक पेटी निघाली तरी वाहतूक पास लागतो. रोजचा स्टॉक रोज रजिस्टरला चढवायचा. गेल्या मंगळवारी पोराच्या हातून दोन बाटल्या फुटल्या, तर त्यांचीही नोंद आहे. निरीक्षक साहेब कधीही येतात आणि क्रेट मोजतात. गावातल्या कुठल्या किराणा दुकानदाराचा, कुठल्या सराफाचा, कुठल्या प्लॉटिंगवाल्याचा हिशोब सरकारला इतका पाठ आहे ते सांगा. आणि बँकेच्या लेखी 'हाय रिस्क' कोण, तर मी.

गेलो शाखेत. मॅनेजर तरुण पोरगा, सभ्य. चहा मागवला. म्हणाला, "काका, माझ्या हातात काहीच नाही, सिस्टिमनं फ्लॅग केलंय."
"कुठल्या नियमाखाली?"
"वरून आलंय."
"वर म्हणजे कुठं?"
"रिस्कवाले."
"त्यांचा नंबर द्या."
"तो आमच्याकडंही नसतो, काका."

चहा तसाच टेबलावर ठेवून उठलो. त्या पोरावर काय राग काढायचा? त्याच्याच शाखेतून ३१ मार्चला क्लोजिंगच्या रात्री शिपाई आला होता, थंड टिनचा एक बॉक्स घेऊन गेला, आणि पैसे त्याच बँकेच्या ॲपवरून याच खात्यात पाठवले. तेव्हा सिस्टिमनं काही फ्लॅग केलं नाही.

मग सुरू झाली वणवण. दुसऱ्या बँकेत ऑनलाइन फॉर्म. त्यात व्यवसायाची यादी उघडली की मत्स्यपालनापासून ज्योतिषापर्यंत सगळं आहे, मद्यविक्री नाही. बरं, 'इतर' निवडलं. पुढं जीएसटी नंबर टाका. अरे बाबा, पिण्याची दारू जीएसटीत येतच नाही, राज्यघटनेतच तिला बाहेर ठेवलंय, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. माझ्या दुकानात बिअर आणि वाइन सोडून काही नाही, मग जीएसटी नंबर आणू कुठून? व्हॅटचा टिन नंबर टाकला तर डबा लाल होतो. डबा रिकामा सोडला तरी लाल. काउंटरवरच्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "सर, मग जीएसटी काढून घ्या ना." कशावर काढू मॅडम, शेंगदाण्यावर?

तिसऱ्या बँकेचा फील्ड ऑफिसर दुकानावर आला, फोटो काढायला. मोबाइल धरून पुढं-मागं होत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, बोर्ड न येता फोटो काढता येईल का? बोर्ड दिसला की केस रिजेक्ट होते." दुकानाचा पुरावा म्हणून दुकानाचा फोटो हवा, पण दुकान दिसायला नको! तो फोटो कसाबसा शटरचा आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा असा निघाला, आणि आठ दिवसांनी केस रिजेक्ट झाल्याचा मेसेज आलाच.

चौथा अनुभव पतसंस्थेचा. चेअरमन ओळखीचे. दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खातं नको, उगीच चर्चा होते. पण ठेव चालेल. वहिनींच्या नावावर करा." म्हणजे बाटलीचा पैसा चालतो, पण तो आधी बायकोच्या नावानं धुऊन आणायचा.

यावर शहाणे लोक मला समजावतात की तुमचा धंदा रोखीचा, आणि बँकांना रोखीची भीती असते. मान्य, असते. महिन्याला दहा लाखांच्या वर रोखीचे व्यवहार झाले की बँकेला ते केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावे लागतात, डोक्याला ताप होतो. पण मी क्यूआर लावला तो कशासाठी? साउंडबॉक्स आणला तो कशासाठी? आज माझं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं, म्हणजे प्रत्येक बाटलीचा पैसा तारखेनिशी, वेळेनिशी दिसतो. आता खातं बंद झालं की क्यूआर बंद. पुन्हा गल्ल्यात दहा-दहाच्या नोटा. रोखीची भीती वाटते म्हणून मला परत रोखीत ढकलणार, वा रे अक्कल!

आणि रोखीत धंदा करू म्हटलं तर इन्कम टॅक्स बसलाय. एका माणसाला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिली की तो खर्च धरत नाहीत. बिअरच्या मालाचं एक बिल दहा हजारांत बसतं का? होलसेलर खात्यातूनच पैसे मागतो, आणि मागायलाच हवेत. परवान्याची फी 'ग्रास' पोर्टलवर भरायची, व्हॅट ऑनलाइन भरायचा. थोडक्यात, सरकार म्हणतं बँकेतून ये आणि बँक म्हणते बाहेर जा.

बरं, नीतीचा प्रश्न आहे म्हणावं, तर तसंही नाही. सिगारेट करणाऱ्या आयटीसीत एलआयसीचा मोठा हिस्सा आहे, तुमच्या-माझ्या हप्त्यांचे पैसे आहेत ते. साखर कारखान्याला डिस्टिलरी टाकायची असेल तर कर्ज द्यायला बँका एकत्र येतात, वर भूमिपूजनाला फेटे बांधून बसतात. मळीपासून निघालेला स्पिरिट टँकरमधून निघतो तोवर तो 'कृषी प्रक्रिया उद्योग', आणि माझ्या फ्रीजमध्ये बिअरची बाटली उभी राहिली की पाप. म्हणजे तिरस्कार दारूचा नाही, लहान माणसाचा आहे. मोठ्याला नकार दिला तर त्याचा वकील दारात उभा राहतो. माझ्याकडून कोण येणार, झेरॉक्सवाला?

आमच्यासारखे अजून बरेच आहेत. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एजंटला खाजगीत विचारा, तो सांगेल कुणाचे फॉर्म घ्यायचेच नाहीत ते. वकील, पोलीस, पत्रकार. माझा एक गिऱ्हाईक हवालदार आहे, त्याला कार्ड नाकारलं तेव्हा तो हसत म्हणाला, "अण्णा, आपण दोघं एकाच यादीत." ही यादी कुठं छापलेली नसते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची नकारयादी तरी छापलेली आहे. दारू देणारं हॉटेल किंवा ढाबा चालणार नाही, विडी-सिगारेट चालणार नाही, ताडी काढणं चालणार नाही असं त्यात सरळ लिहिलंय. मला ती पटो न पटो, वाचता तरी येते. सरकारी अनुदान कुणाला द्यायचं हे सरकारनं ठरवावं. पण मी अनुदान मागतोय का? खातं मागतोय.

माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या, त्याचा माझ्या धंद्याशी संबंध नाही. तो क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, नादी लागलेला (ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही, त्याच्या आईलाही तसं वाटत नाही). रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना सांगितलं, या लोकांना सेवा देऊ नका. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. या व्यवहारांमुळं बँकांचं काही नुकसान झालंय असं रिझर्व्ह बँकेला दाखवताच आलं नव्हतं. तरी २०२१ च्या मे महिन्यात बँका ग्राहकांना त्याच रद्द झालेल्या परिपत्रकाचा हवाला देऊन धमकीचे मेल पाठवत होत्या! शेवटी ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेलाच जाहीर करावं लागलं की बाबांनो, त्या परिपत्रकाचा दाखला देऊ नका, ते आता नाही. जवळजवळ पंधरा महिने! न्यायालयाचा निकाल बँकेच्या काउंटरपर्यंत चालत आला असता तरी याहून लवकर पोचला असता.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "दारूचा धंदा करणं हा तुमचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय." बरोबर आहे, नसेल. सरकारला वाटलं तर उद्या बंद करावा. वर्ध्यात बंदी आहे, गडचिरोलीत आहे, चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मंत्रिमंडळात निर्णय झाला, पेपरात आला, लोक भांडले. २०१७ च्या एप्रिलमध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं सर्वोच्च न्यायालयानं बंद केली, तेव्हा माझंही शटर काही महिने खाली होतं. रडलो, पण शिव्या नाही दिल्या, कारण निकालात कारण लिहिलं होतं. दारू पिऊन गाडी चालवतात, माणसं मरतात. त्याला मी काय उत्तर देणार?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे उभी बाटली-आडवी बाटली. आपल्या राज्यात गावातल्या, वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली की मतदान होतं, मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. पुरेशा बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्या शेजारच्या आत्याबाई, ज्यांचा नवरा दारूनंच गेला, त्या मला तोंडावर सांगतात, "तुझी बाटली एक दिवस आडवी करणार मी." करा आत्याबाई. तुमचा हक्क आहे, तुमचं कारण मला माहीत आहे, आणि तुम्ही ते माझ्या दुकानासमोर उभ्या राहून सांगता. त्या दिवशी शटर मी स्वतः ओढीन. पण ज्या माणसानं माझं खातं बंद केलं त्याला तोंड नाही, नाव नाही, सही नाही. त्यानं माझं दुकान कधी पाहिलेलं नाही, आणि आत्याबाईंनाही विचारलेलं नाही.

तक्रार केली. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमावलीत लिहिलंय की ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळं सामान्य लोकांना बँकसेवा नाकारली जाता कामा नये. ते वाक्य लाल पेनानं अधोरेखित करून बँकेला पाठवलं. आता ३० दिवस बँकेच्या उत्तराची वाट बघायची, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. त्या ३० दिवसांत खातं बंद होऊन जाणार ते वेगळंच. आणि लोकपाल योजनेत काय लिहिलंय? बँकेचा 'व्यावसायिक निर्णय' असेल तर तक्रार चालत नाही. माझं खातं बंद करणं हा निर्णय व्यावसायिक नाही असं मी सिद्ध करायचं, कारण न कळवता घेतलेल्या निर्णयाचं कारण शोधून!

सल्ले मात्र फुकट मिळतात. कुणी म्हणतं पुतण्याचा क्यूआर लाव. कुणी म्हणतं 'जनरल स्टोअर्स' नावानं खातं उघड, कोण बघतंय. मशीनवाला एजंट तर स्वतःच म्हणाला, "किराणा टाकू का सर? लगेच पास होईल." बावीस वर्षं एक नंबरचा धंदा केला, एकेका फुटलेल्या बाटलीचा हिशोब दिला, आणि आता बँकेत शिरायला खोटं नाव घेऊ? उद्या ते पकडलं की मग खरंच मी 'हाय रिस्क'.

अकरा दिवस उरलेत. काल रात्री पाचव्या बँकेचा फॉर्म घेऊन बसलो होतो. 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यापाशी पेन अडलं. बायको शेजारी लसूण सोलत होती. तिनं वाकून वाचलं आणि म्हणाली, "कोल्ड्रिंक्स लिहा की. आमच्या बाबांना चाललं होतं."