घोड्याचे दुखणे आधी कोणाला कळते?

घोडा आजारी पडल्याचे मालकाला फोनवरून कळते, प्रशिक्षकाला तबेल्यात आल्यावर कळते आणि माझ्यासारख्या पशुवैद्यकाला बोलावणे आल्यावर कळते. या तिघांच्याही कितीतरी आधी ते मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणाऱ्या माणसाला, कळलेले असते. पुण्या-मुंबईच्या शर्यतींच्या तबेल्यांत आणि रायडिंग क्लबांत घोड्यांवर उपचार करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे. रेसकोर्सवर मोतद्दाराला साईस म्हणतात. त्याचे कौतुक झालेच तर ते त्याच्या कष्टांचे होते. पहाटे उठतो, लीद काढतो, ओझी वाहतो, बिचारा फार राबतो, असे त्याचे स्वरूप असते. कष्ट खरेच आहेत, पण त्या कष्टांच्या पोटात जे ज्ञान आहे त्याची दखल जवळजवळ कोणीच घेत नाही, आणि माझ्या मते घोड्याचा जीव त्या ज्ञानावरच टिकून असतो.

घोडा दिसायला बलदंड असला तरी त्याची पचनसंस्था फार नाजूक असते. पाचशे किलोच्या या प्राण्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, आतडे खूप लांब असते आणि मुख्य म्हणजे त्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले सडके, फुगलेले किंवा जास्त झालेले काहीही परत बाहेर येण्याची सोय नाही. म्हणून पोटशूळ हा शब्द उच्चारला की सगळा तबेला सावध होतो. घोडा जमिनीवर लोळू लागला, घामाने निथळू लागला की दुखणे कोणालाही दिसते, पण तोवर बहुमोल तास निघून गेलेले असतात. त्याआधीच्या खुणा अगदी बारीक असतात. चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, शेवटचा घास तोबऱ्यात तसाच राहिलेला असतो, घोडा मान वळवून दोन-तीनदा स्वतःच्या कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, नेहमीपेक्षा कमी पाणी पितो. निरोगी घोडा दिवसाकाठी आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो आणि ती उचलणाऱ्या माणसाला न मोजताही तिचा हिशेब ठाऊक असतो. "आज लीद कमी आहे आणि सुकी आहे," हे त्याचे एक वाक्य माझ्या स्टेथोस्कोपला ऐकू येणाऱ्या बऱ्याच गोष्टींपेक्षा मोलाचे असते, कारण ते आतड्याची गती मंदावत असतानाच उच्चारलेले असते.

घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 असते, तापमान 38 अंश सेल्सियसच्या आसपास असते, हे आम्ही पुस्तकात शिकतो. मात्र या विशिष्ट घोड्याचे नेहमीचे काय, हे पुस्तकात नसते. एखादी घोडी अनोळखी माणूस जवळ आला की कान मागे पाडते आणि तो तिचा स्वभाव असतो. दुसऱ्या घोडीने तसेच केले तर तिला कुठेतरी दुखत आहे असे समजावे लागते. तपासणीला गेल्यावर मी पहिला प्रश्न घोड्याविषयी विचारतो, पण विचारतो मोतद्दाराला, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घेतल्याशिवाय जनावराला हात लावत नाही. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या पशुवैद्यकांनाही मी हेच सांगत आलो आहे. मालक शेजारी उभा असेल तर मोतद्दार बहुधा गप्प राहतो, म्हणून त्याला थोडे बाजूला घेऊन विचारावे, हेही सांगतो.

पायांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. शर्यतीचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो आणि धावताना काही क्षण त्याचा सगळा भार एका पायावर येतो. त्या पायाच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतोच. हाडे, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि त्यांना धरून ठेवणारे बंध एवढीच रचना असते. कंडरेतले काही तंतू तुटले की घोडा लगेच लंगडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे किंचित ऊब जाणवते, कधी बोटाला कळेल न कळेल इतकी सूज असते. सरावाआधी चारही पायांवरून तळहात फिरवण्याची मोतद्दाराची रीत त्यासाठीच आहे. शंका आल्यावर आम्ही सोनोग्राफी करतो, पण शंका आली पाहिजे, आणि ती तळहाताला येते. त्या सकाळी तो तळहात चुकला किंवा घाईत फिरला, तर पुढच्या शर्यतीत कंडरा तुटते आणि बरेचदा घोड्याची कारकीर्द तिथेच संपते.

पुण्याचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. ओलसर हवेत अंथरूण भिजलेले राहिले की खुराच्या तळव्याला कुज लागते आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. रोज चारही खूर उचलून आकडीने साफ करणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि ते कंटाळवाणे आहे म्हणूनच ते नेमाने करणारा माणूस मोठा आहे, असे मी मानतो. नालबंद चार-सहा आठवड्यांनी येतो; मधले सगळे दिवस मोतद्दाराचे असतात. खराऱ्याचे, म्हणजे घोड्याचे अंग रोज घासून साफ करण्याचेही तसेच आहे. लोकांना वाटते की खरारा घोडा चमकावा म्हणून करतात. कातडीखालचा रक्तप्रवाह सुधारणे, खोगिराखाली एखादी पुळी उठत आहे का ते पाहणे आणि कुठे हात लागल्यावर घोडा अंग चोरतो ते टिपणे, ही त्याची खरी कामे आहेत. रोजच्या खराऱ्यात घोड्याच्या सबंध शरीराची तपासणी होऊन जाते आणि तिची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

मुंबईचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे घोडे पुण्याहून मुंबईला जातात, उन्हाळा सरला की परत येतात, आणि त्यांच्याबरोबर मोतद्दारही फिरत राहतो. त्याचे कुटुंब बहुधा तिसऱ्याच गावी असते. त्याची पहाट उजाडण्याच्या बरीच आधी सुरू होते, कारण सूर्य वर येण्याआधी सराव आटोपायचा असतो. सरावानंतर घोड्याचा श्वास आणि घाम शांत होईपर्यंत त्याला हाताने फिरवायचे, अंग धुऊन पुसायचे, पाय बांधायचे, मग चंदी, लसूणघास आणि वाळले गवत घालायचे. दुपारी थोडी उसंत मिळते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. साधारणपणे एका माणसाकडे दोन-तीन घोडे असतात. घोड्याला रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत शर्यती थांबल्या तेव्हा तबेले थांबले नाहीत. दिवसातला मोठा वेळ बंद खोलीत उभ्या राहणाऱ्या जातिवंत घोड्याला फिरवले नाही तर त्याचे पोट बिघडते आणि डोकेही बिघडते.

आपल्याकडे ही जाण पूर्वी नव्हती असे मुळीच नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे आणि रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नये या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. मला ते पत्र घोड्यांच्या निगेचा एक अस्सल दस्तऐवज वाटते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत आज बेपर्वाईने उधळले तर पुढे घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. कोणी स्वयंपाकाला आग करील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, मग उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागून पागा जळेल, इथपर्यंत विचार केलेला आहे. राज्य उभारणाऱ्या माणसाला उंदराच्या तोंडातली वात दिसत होती, कारण घोडदळाचे बळ कशावर अवलंबून असते हे त्याला नेमके ठाऊक होते. पुढे आम्ही स्वाऱ्यांचा आणि सरदारांचा इतिहास लिहिला आणि रात्री पागेत जागणाऱ्याला त्यातून वगळले.

आजचे वगळणे छापील आहे. शर्यतीच्या दिवशी मिळणारे रेसकार्ड पाहावे. घोड्याचे नाव, वय, रंग, त्याच्या आईबापांची नावे, वजन, मालक, प्रशिक्षक, जॉकी, इतकेच काय, जॉकीच्या अंगातल्या रेशमी सदऱ्याचे रंगही त्यात दिलेले असतात. ज्याच्या हाताने तो घोडा त्या दिवसापर्यंत धडधाकट आला त्याचे नाव मात्र तिथे शोधून सापडणार नाही. फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीनंतरच्या छायाचित्रांत करंडक असतो, मालकाचे कुटुंब असते, जॉकी असतो आणि लगाम धरलेला माणूस चौकटीच्या कडेला अर्धा कापलेला असतो. परदेशात सगळे आलबेल आहे असा माझा दावा नाही, पण 1973 मध्ये अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मानाच्या शर्यती, जिंकणाऱ्या सेक्रेटॅरिएट या घोड्याचा केंटकीत जो पुतळा आहे, त्यात घोड्यावर जॉकी रॉन टर्कॉट आहे आणि घोड्याला धरून त्याचा मोतद्दार एडी स्वेटही आहे. ब्रिटनमध्ये शर्यतीआधी सर्वांत नीटनेटका सजवून आणलेल्या घोड्याच्या मोतद्दाराला बक्षीस देण्याची पद्धत आहे. रेसकार्डात एक नाव वाढवायला शाईखेरीज फारसे काही लागणार नाही.

शर्यतींशी ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांनाही या लोकांचे देणे आहे, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर सरकारी रुग्णालयात जे प्रतिविष दिले जाते ते घोड्याच्या रक्तातून तयार होते. विषाचे अत्यल्प, हळूहळू वाढवत नेलेले डोस घोड्याला टोचतात, त्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि मग ठरावीक काळाने रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा केला जातो. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे आणि त्यांचे घोडे पिंपरीला असतात, हे पुण्यातल्याही अनेकांना माहीत नसते. असा घोडा खाणे सोडतो का, टोचलेल्या जागी गाठ येते का, वजन उतरते का, यावर रोज नजर ठेवणारी माणसे नसतील तर ती प्रक्रिया पुढे सरकणार नाही. भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या एखाद्या शेतकऱ्याचा जीव वाचतो तेव्हा त्या साखळीची एक कडी पिंपरीच्या तबेल्यातली असते.

सगळेच घोडेवाले आदर्श असतात असे लिहून मी वाचकांना फसवणार नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे घोड्याला आजही काम आहे. तिथल्या तांबड्या, दगडाळ उतारांवर आपला घोडा जिवापाड जपणारी माणसे मी पाहिली आहेत आणि पाठीवर खोगिराची जखम असलेले, एका पायाने चुकत चालणारे घोडे पर्यटकांना देणारेही पाहिले आहेत. अशा घोड्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र जखम पाहून संतापणाऱ्या पर्यटकाने त्याच दिवशी भाड्यात घासाघीस केलेली असते आणि आपल्या वजनाचा विचारही केलेला नसतो, हे नमूद करायला हवे. बसण्याआधी घोड्याची पाठ आणि चाल पाहावी, जखम दिसली तर नकार द्यावा आणि ज्याचा घोडा तुकतुकीत आहे त्याला मागेल ते भाडे द्यावे. चांगली निगा राखणाऱ्याला तिचा मोबदला बाजारात मिळू लागला तर ती वाढेल. नुसत्या सुस्काऱ्यांनी वाढणार नाही. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे पर्यटकांच्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या. भर रहदारीत, डांबरी रस्त्यावर, नीट तबेल्यांवाचून घोडे राबवणे बंद व्हायलाच हवे होते, असे माझेही मत आहे. परंतु नंतर पुनर्वसनाची चर्चा नुकसानभरपाई आणि फेरीवाला परवाना यांच्यापुरतीच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या घोडा ओळखणाऱ्या माणसाला राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या तबेल्यात काम देता येईल, हा विचार फारसा कोणाला सुचला नाही.

या कामातले धोकेही कामाइतकेच अदृश्य राहिले आहेत. मागच्या पायाची लाथ बरगड्या मोडते, चावा बोटे घेऊन जातो. गवताच्या धुळीने फुप्फुसे खराब होतात. लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि ग्लँडर्ससारखा घोड्याचा रोग माणसाला झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. घोड्यांचे लसीकरण वेळापत्रकानुसार होते, ते मीच करतो. तिथल्या माणसांच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख विचारली की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. शर्यतींच्या तबेल्यातला मोतद्दार सहसा शर्यती भरवणाऱ्या क्लबचा नोकर नसतो, प्रशिक्षकाचा असतो, आणि घोडे कमी झाले की त्याचे कामही जाते. लाखो रुपयांच्या घोड्याचा विमा उतरवणाऱ्या मालकांनी तो सांभाळणाऱ्या माणसाच्या अपघाताचा आणि उपचाराचा विमाही त्याच खर्चात धरावा, ही माझी जुनी मागणी आहे. घोड्याच्या एका महिन्याच्या खुराकापुढे ती रक्कम किरकोळ असते.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेचा प्रश्न 2024 पासून पुन्हा चर्चेत आहे. उद्यान किती एकरांचे होणार, भुयारी वाहनतळ कुठे येणार, सदस्यांच्या क्लबहाउसचे काय होणार, यावर रकाने भरभरून लिहिले गेले. तबेल्यांचा उल्लेख त्यात ओझरता आला आणि तबेल्यांलगत राहणाऱ्या माणसांचा त्याहून कमी. मोतद्दाराची खोली घोड्यापासून हाकेच्या अंतरावर असावी लागते, कारण पोटशूळ मध्यरात्रीही उठू शकतो आणि दाराला बसलेली लाथ ऐकू जाणारा माणूस त्या वेळी जवळ असायला हवा. नवे आराखडे काढणाऱ्यांनी तबेल्यांचे मोजमाप घेताना या खोल्या, त्यांतले पाणी आणि शौचालये त्याच कागदावर मांडावीत. त्याआधी वास्तुविशारदांनी एखादी रात्र तबेल्यात घालवली आणि तिथल्या जुन्या मोतद्दारांना चार प्रश्न विचारले, तर दारांची उंची, नाल्यांचा उतार आणि वाऱ्याची दिशा यांविषयी त्यांना फुकटात उत्तम सल्ला मिळेल.