आमच्याकडं पाणी येत नाही

सांगलीत राहायला आला असाल तर पुराबद्दलचं एक वाक्य पाठ करून ठेवा: 'आमच्याकडं पाणी येत नाही.' शेजारी हेच म्हणतात, दोन पावसाळे काढलेत की तुम्हीही म्हणाल. पुराव्याला भिंत असते. 2005 च्या पुराची खूण दाखवायची आणि आपली पायरी तिच्या वर आहे म्हणायचं. त्या साली आयर्विन पुलापाशी कृष्णा 54 फुटांच्या आसपास गेली होती. त्या खुणेशेजारी नदीनं सही केलीय असं समजून निवांत झोपा. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्याही वर गेली, तेव्हा '2005 ला आलं नव्हतं' म्हणणारी कितीतरी मंडळी माडीवर बसून बोटीची वाट बघत होती. त्यात खुणेचा काय दोष? नदीच चुकली. आता भिंतीवर नवी खूण आहे, त्यामुळं काळजीच मिटली.

पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी. हे सरकारी झालं. आपलं कोष्टक वेगळं: 40 ला एकट्यानं पाणी बघायला जायचं, 45 ला सहकुटुंब, सोबत भडंगाचा पुडा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या नदीकाठच्या वस्त्यांमधली माणसं 40 च्या आधीच गाद्या आणि गॅसची टाकी उचलून निघालेली असतात. त्यांना घाबरट म्हणा. खरं तर गावात सगळ्यात जास्त सराव त्यांचाच आहे, पण सराव असलेल्याला विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

पाणी नदीच्या बाजूनं येणार, या हिशेबानं पुढच्या दाराला वाळूची पोती लावा. ते येतं मागून, न्हाणीघराच्या जाळीतून, गटाराच्या चेंबरमधून. नदी चढली की शेरीनाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलट नदीच नाल्यातून गावात शिरते. म्हणून ओढा दिसला की आधी त्यात मुरूम टाका. ओढा बुजवलेल्या जागेला रस्ताही लगेच मिळतो.

चौकशी करायची ती फक्त एकच: 'कोयनेतून किती सोडलं?' 105 टीएमसीचं धरण, आकडा कसा भारदस्त वाटतो. धरणाच्या खालच्या मुलखात पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजानं अडत नाही, वारणा नदी पलीकडून हरिपुरात येऊन कृष्णेला मिळते, या गोष्टींत पडू नका. त्यांचा क्युसेक ग्रुपवर येत नाही. ग्रुपवर येतो तो 2019 चा व्हिडिओ, 'आत्ताचा' म्हणून. तो तपासत बसलात तर तुमच्याआधी दुसरा कुणीतरी टाकेल.

दोष द्यायची वेळ आली की कृष्णेवरचं खालचं, कर्नाटकातलं धरण, अलमट्टी, आहेच. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलं नाही, नदीपात्रातल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांवर मात्र बोट ठेवलं. तो अहवाल वाचू नका. अलमट्टीचा मोठा फायदा म्हणजे ती सोसायटीच्या मीटिंगला येत नाही. अतिक्रमणवाला येतो, कधीकधी अध्यक्षही तोच असतो.

निळ्या पूररेषेचंही तसंच. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. म्हणजे एकदा येऊन गेला की 25 वर्षं सुट्टी, असा अर्थ लावा. 2019 नंतर बऱ्याच जणांनी तो लावला, नवं फर्निचर केलं, तेही तळमजल्यावर. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास आलं. शक्यता दर वर्षी नव्यानं मोजायची असते, हे सुताराला कोण सांगणार?

बोटीत बसताना मात्र कृपा करून माझं काही ऐकू नका. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला उलटली ती माणसांना बाहेर काढणारीच बोट होती, आणि तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं होती. त्यावर मला थट्टा सुचत नाही.

पिण्याचं पाणी भरून ठेवू नका. चहूकडं पाणी असताना टँकरमागं बादली घेऊन पळायचा अनुभव दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार? मेन स्विच पाणी मीटरला टेकेपर्यंत चालू ठेवा, मोबाईल चार्ज व्हायचा असतो. आणि आधार, सातबारा, पोरांची मार्कलिस्ट हे सगळं कपाटाच्या तळच्या कप्प्यातच असू द्या. वरच्या कप्प्यात पाहुण्यांच्या चादरी असतात, त्या भिजून कसं चालेल? पंचनाम्याला माणसं आली की पहिल्यांदा आधार कार्डच मागतील. ते गच्चीवर चिमटा लावून वाळत घातलंय, म्हणून सांगा.