बायको अजून तिकडंच?

परवा एका लग्नात पंगतीला ओळखीचे एक काका शेजारी बसले, आणि पहिल्या घासालाच, "काय गा, बायको अजून तिकडंच? आणि तू इकडं एकटा काय करालायस?" मी "होय की काका" म्हणून हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच, म्हणून लिहितोय. लांब झालंय, कंटाळा आला तर सोडा.

बायको सिंधुदुर्गात झेडपीच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव कर्नाटकात, पण महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ सीमाभागातल्या गावांमधलं, तो दाखला होता म्हणून तिला तिकडं अर्ज तरी करता आला. मी बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर, हाताला दुसरं काही येत नाही आणि तिकडं खेड्यात ते काम कोण देणार. पोरगी दुसरीत, माझ्या आईजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ही निघते, आंबोली, शिनोळी करत अंधार पडता घरी, रविवारी दुपारी परत. पावसाळ्यात घाटात धुकं असलं की हिचा फोन लागेपर्यंत आई दारातून हलत नाही. २०२३ पासून तिकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट, इकडं कर्नाटकच्या बसला आधार दाखवलं की झिरो तिकीट. म्हणजे ये-जा करायला दोन्ही सरकारं मदत करतात, दोघांना एका गावात काम मिळायचं तेवढं बघू नका!

पण खरा राग वेगळाच आहे. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं. वर्षातनं दोन महिने सुट्टी. ती काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, रिक्षातनं उतरली की गल्ली गोळा व्हायची (निम्मे कॅन्टीनच्या बाटलीसाठी, ते सोडा). आमच्याकडं गावागावात अशी घरं आहेत. आईनं शेत बघितलं, म्हस बघितली, आम्हा दोघांना वाढवलं, आणि तिला कुणी पंगतीत विचारलं नाही की नवरा अजून तिकडंच काय म्हणून. उलट मिलिटरीवाल्याची बायको म्हणून मान. आता बाई नोकरीला लांब गेली तर लगेच घर मोडलं? आणि मी पोरीची वेणी घालतो तर "बिचारा". अरे, वेणी येते मला, वाकडी होते पण येते.

गंमत म्हणजे आईसुद्धा त्या काकांच्याच बाजूची. त्या रात्री म्हणाली, "असा संसार होत नसतोय रे." मी चिडून म्हटलं, "मग तुझा कसा झाला?"

ती भांडी घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच सांगतेय की."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. रविवारी हिच्या पिशवीत चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आईनंच भरली, आणि पिशवीचं तोंड दोनदा बांधलं.