‘बिल द बुचर’ नुसता ओरडतो म्हणे! त्या फिरणाऱ्या पोस्टला माझं उत्तर

आठवडाभर एक पोस्ट सगळीकडं फिरून राहिलीय, मला एकट्याला चार जणांनी पाठवली, त्यातले दोन तर आमच्या अमळनेरचेच. विषय मार्टिन स्कोर्सेसीचा २००२ चा ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’. म्हणणं थोडक्यात असं, की डॅनियल डे-लुईसनं त्यात नुसती आरडाओरड केलीय आणि लोक तिला ॲक्टिंग म्हणतात, डिकॅप्रिओ मिसकास्ट आहे, इतिहास सगळा खोटा आहे, ऑस्करची १० नॉमिनेशन असून एकही मिळालं नाही यातच काय ते समजा, आणि अमेरिकेतल्या जुन्या गल्लीतल्या मारामारीशी आपल्या माणसाचं काय घेणंदेणं, तीन तास वाया घालवू नका.

मी हा पिक्चर कॉलेजात असताना मित्राच्या कम्प्युटरवर पाहिला आणि त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी पाहत आलोय, त्यामुळं गप्प बसवत नाही भो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो. १८४६, न्यूयॉर्कची फाइव्ह पॉइंट्स वस्ती. तिथंच जन्मलेल्यांचा म्होरक्या बिल कटिंग (तोच ‘बिल द बुचर’, म्हणजे डे-लुईस) आणि बाहेरून आलेल्या आयरिश लोकांचा म्होरक्या प्रीस्ट व्हॅलन यांची भर चौकात लढाई होते, बिल व्हॅलनला मारतो, आणि १६ वर्षांनी व्हॅलनचा पोरगा ॲमस्टरडॅम (डिकॅप्रिओ) ओळख लपवून बिलच्याच टोळीत शिरतो, बापाचा बदला घ्यायला.

आता पहिला मुद्दा, ओव्हरॲक्टिंगचा. पोस्टसोबत जी अर्ध्या मिनिटाची क्लिप जोडलीय ती चिनी हॉलमधल्या चाकूफेकीची आहे. बिल स्टेजवर जेनीवर, म्हणजे पिक्चरच्या हिरॉइनवर, चाकू फेकतो, ओरडतो, मिशा, उंच टोपी, सगळा थाट. पण क्लिप कापणाऱ्यानं एक गोष्ट सोडून दिली, त्या सीनमध्ये समोर अख्खा हॉल भरलेला आहे. तो व्हॅलनला मारल्याचा दरवर्षीचा सोहळा आहे, बिल तिथं लोकांना खेळ दाखवतोय आणि त्या खेळातून सांगतोय की कोणी माझ्या वाटेला जाऊ नका. म्हणजे नाटकी बोलतोय तो बिल, डे-लुईस नाही. हा माणूस जगतोच लोकांच्या भीतीवर, आणि भीती टिकवायची तर ती रोज चारचौघांत दाखवावी लागते. आमच्याकडं यात्रेत तमाशा यायचा तेव्हा वगातला दुष्ट सावकार चावडीवर असा गरजायचा की मागं झाडाखाली बसलेल्यालाही ऐकू जायचं, पण तोच नट बायकोपुढं किंवा एकटा उभा राहिला की आवाज खाली आणायचा, तेव्हा कळायचं की मगाचा आवाज पात्राचा होता. ज्याला दोन्ही जमत नाही त्याला ओव्हरॲक्टिंग म्हणा, माझी ना नाही.

डे-लुईसला दोन्ही जमतं याचा पुरावा त्याच पिक्चरमध्ये आहे आणि क्लिपवाल्यानं तो सीन मुद्दाम टाळला असं मला वाटतं. रात्री ॲमस्टरडॅमला जाग येते तर पलंगाशेजारी खुर्चीत बिल बसलेला, अंगावर अमेरिकेचा झेंडा शालीसारखा ओढून. सत्तेचाळीस वर्षांचा झालो, इतका जगलो कसा, तर भीतीमुळं, असं तो सांगतो. मग व्हॅलनबद्दल बोलतो, की तोच एक शत्रू आठवणीत ठेवण्यासारखा होता, आणि त्याच्या नजरेला नजर देता आली नाही म्हणून माझा जो डोळा खाली वळला तो मी स्वतः काढून त्याला पाठवला. एवढं भयानक बोलतो पण आवाज कुठंही चढत नाही, जवळजवळ म्हाताऱ्यासारखा थकलेला आहे, आणि ज्याला तो हे पोराच्या मायेनं सांगतोय तो व्हॅलनचाच पोरगा आहे. मी दरवेळी इथं श्वास रोखून बसतो. या सीनला आरडाओरड म्हणून दाखवा मला.

आणि हात बघा त्याचे. टांगलेल्या डुकरावर तो ॲमस्टरडॅमला शिकवतो की चाकू कुठं मारला तर माणूस लगेच मरतो, कुठं मारला तर हळूहळू. डे-लुईसनं या रोलसाठी खाटकाचं काम शिकून घेतलं होतं, ते त्या दोन मिनिटांत दिसतं. ज्याचा तो रोजचा धंदा असतो त्याचं चाकूकडं लक्ष नसतं, बोलणं चालू असतं आणि हात आपोआप सांध्यावर जातो, आमच्या बाजारात मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं की हेच दिसतं. पडद्यावर हे खोटं करता येत नाही. १९९७ च्या ‘द बॉक्सर’नंतर तो ॲक्टिंगपासून लांब जाऊन इटलीत चामड्याचे बूट शिवायला शिकत होता, तिथून परत येऊन हा रोल केला. हातानं काम शिकायची ओढ त्या माणसाच्या अंगातच आहे.

डिकॅप्रिओ मिसकास्ट. हे मी खूप ठिकाणी ऐकलंय आणि सुरवातीला मलाही तसंच वाटायचं, खरं सांगतो. पण त्याचं काम काय आहे ते बघा ना, तो हेर आहे, त्याला लपायचंय. डे-लुईससमोर त्यानंही तेवढाच आवाज लावला असता तर पहिल्या दिवशीच पकडला गेला असता. थिएटरमधला सीन आठवा, एक जण बिलवर गोळी झाडतो आणि ॲमस्टरडॅम विचार न करता त्याच्यावर झेपावून बिलला वाचवतो, ज्याला मारायला आला त्यालाच वाचवलं, आणि नंतर त्याच्या तोंडावर जे येतं ते बघा, आनंद नाही, अभिमान नाही, स्वतःलाच न ओळखल्यासारखा चेहरा. बाप मारणाऱ्याच्या हाताखाली राहून त्याला त्याच माणसात बाप दिसायला लागलाय. उच्चार धड आयरिश नाहीत म्हणता, तर पोरगा लहानपणापासून १६ वर्षं न्यूयॉर्कच्याच सुधारगृहात वाढलाय, बोली अर्धी पुसलेलीच असणार. हां, जेनीसोबतचं प्रेमप्रकरण ढिलं आहे, कॅमेरॉन डियाझला लिहूनच कमी दिलंय, तेवढं मान्य.

इतिहासाचं मात्र नीट बोलू, कारण इथं पोस्टवाल्याचं थोडं बरोबर आहे आणि बरंच चूक. बरोबर काय, तर ज्या खऱ्या माणसावरून बिल घेतला तो विल्यम पूल १८५५ लाच गोळी लागून मेला, पिक्चरमध्ये तो १८६३ पर्यंत जिवंत आहे. शेवटच्या दंगलीत जहाजावरून तोफा डागल्याचं दाखवलंय तेही घडलं नव्हतं. पण स्कोर्सेसीनं आडनाव बदलून कटिंग केलं, म्हणजे हा पूलचा जीवनपट आहे असं तो म्हणतच नाही. आणि जे मुख्य आहे ते खरं आहे. १३ ते १६ जुलै १८६३, सैन्यातल्या सक्तीच्या भरतीविरुद्ध न्यूयॉर्क पेटलं, कारण कायद्यात ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका होती, ती रक्कम मजुराच्या आवाक्यातली नव्हती. आणि राग निघाला कोणावर, तर काळ्या माणसांवर, त्यांना रस्त्यात ठेचून मारलं, खांबांना लटकवलं, त्यांच्या पोरांचं अनाथालय जाळलं. सरकारी आकडा सुमारे १२० मेल्याचा. जे एरवी झाकलं जायचं त्यावर एवढा मोठा पिक्चर बनला. त्यात न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी बॉस ट्वीड आहे, त्याची राजकीय संघटना टॅमनी हॉल आहे, मतदानाच्या दिवशी एकदा मत दिलेल्याच माणसाची दाढी करून परत मत द्यायला पाठवणारे लोक आहेत, आणि ती सगळी वस्ती रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत दान्ते फेरेत्तीनं सेट म्हणून उभी केली, कारण खरी फाइव्ह पॉइंट्स शिल्लकच नाही.

ऑस्करवर फार बोलत नाही. त्या वर्षी बेस्ट ॲक्टर ‘द पियानिस्ट’साठी ॲड्रियन ब्रोडीला गेला आणि ते कामही जबरदस्त होतं. डे-लुईसला ब्रिटनचा बाफ्टा याच रोलसाठी मिळाला, ते पोस्टमध्ये का नाही?

राहिला शेवटचा मुद्दा, आपला काय संबंध. हा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आमच्या घरात दोन पिढ्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेल्या. ज्या युद्धासाठी ती सक्तीची भरती चालली होती ते अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. त्या युद्धानं अमेरिकेचा कापूस बंदरात अडकला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव असा चढला की खानदेशात जो तो कापूस पेरायला लागला. जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलं ते त्याच दिवसांत, त्याच सुमारास रेल्वेही इकडं आली, आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि शेतकरी कर्जात गेला.

पिक्चरमध्ये एक लांबलचक शॉट आहे. जहाजातून आयरिश पोरं उतरतात, धक्क्यावरच नागरिकत्वाच्या कागदावर आणि मग सैन्याच्या कागदावर सही करतात, अंगात गणवेश चढतो आणि तिथूनच दुसऱ्या जहाजावर चढतात, आणि त्याच जहाजातून क्रेननं शवपेट्या खाली उतरत असतात. कुठंही कट नाही. तो शॉट लागला की मला आमच्या जिनिंगच्या आवारात एकावर एक रचलेल्या कापसाच्या गाठी आठवतात.